कानामात्राबाई

केंद्राच्या दारावर पत्र्याची मोठी पाटी होती. पांढऱ्यावर निळी अक्षरं, दोन्ही टोकांना हसरे चेहरे आणि मधोमध 'पुर्नवसन केंद्र'. बाई पायरीवर थांबल्या त्या थांबल्याच. दादाला वाटलं, बहीण घाबरली. त्याने कोपराला धरून तिला पुढे ढकलल्यासारखं केलं.

"चल. काही होत नाही."

"रफार चुकलाय," बाई म्हणाल्या. "'न'वर बसवलाय. 'व'वर हवा. पुनर्वसन."

दादाने दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. बघा, आम्ही काय काय सोसलंय, असं सांगणारी ती नजर बाईंच्या ओळखीची होती. मुलगी केंद्राची समन्वयक होती. तिने दोन्ही हात जुळवून गोड हसून म्हटलं, "किती छान. ताईंना वाचता येतं."

ज्यांना रफार जागेवर बसवता येत नाही, ते माणसाला काय जागेवर बसवणार, हे बाईंचं त्या केंद्राबद्दलचं पहिलं मत. पुढे ते बदलायला फारसं कारण मिळालं नाही.

बाई मुद्रितशोधक. छापायला जाण्याआधी प्रत्येक पान वाचून चुका काढणं हे त्यांचं काम. एकविसाव्या वर्षी त्या एका छापखान्यात लागल्या. शाळेची पुस्तकं, कायद्याचे जाडजूड ग्रंथ, गाड्यांची वेळापत्रकं, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. त्यांना शिकवलं ते मुख्य मुद्रितशोधक नानांनी. नानांनी आयुष्यात कुणाची स्तुती केली नव्हती. एकदाच त्यांनी बाईंचं तपासलेलं पान हातात घेतलं, खालपर्यंत पाहिलं आणि काही न बोलता पुढे सरकवलं. बाईंना तेवढं सहा महिने पुरलं. मशीनवरची माणसं त्यांना कानामात्राबाई म्हणायची, कारण जेवणाच्या डब्यावरच्या चिठ्ठीतलीसुद्धा चूक त्या पेन्सिलीने दुरुस्त करून मग डबा परत द्यायच्या. नाकाने कांदे सोलते, असंही म्हणायची. ते खरंच होतं.

बाईंच्या बत्तिसाव्या वर्षी नाना वारले आणि त्याच वर्षी बाईंना आवाज ऐकू येऊ लागला. छपाईला गेलेल्या प्रत्येक चुकीपायी कुठेतरी माणूस मरतो, असं तो सांगायचा. बाईंनी कायद्याचा एक ग्रंथ नऊ दिवस अडवून धरला. दहाव्या दिवशी मशीन सुरू झालं, तेव्हा कागद आत जातो त्या तोंडाशी त्या हात घालून उभ्या राहिल्या. आठ महिने इस्पितळ झालं. मग दादाच्या घरातली मागची खोली. अकरा वर्षं.

त्या अकरा वर्षांत त्यांनी माणसांबद्दल बरंच शिकून घेतलं. दादा पाहुण्यांना सांगायचा, "ती जरा आराम करतेय." वहिनी त्यांच्याशी बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ओरडून बोलायची, आणि त्यांच्याबद्दल मात्र त्यांच्यासमोरच हळू आवाजात. त्यांचा कप वेगळा, ताट वेगळं. आरशात वहिनीने स्वतःकडे बघितलं असतं तर तिला जरा आरामाची गरज कुणाला आहे ते कळलं असतं. पण आरसा बघतानाही ती केसच बघायची.

आवाज अधूनमधून यायचाच. गोळ्यांनी तो दूर गेला, गेला मात्र नाही. बाईंना त्याची भीती वाटेनाशी झाली ती गोळ्यांमुळे नव्हे. त्याचं व्याकरण कच्चं होतं. "ती लोकं तुला बघतायत," असं तो म्हणायचा आणि बाई मनात म्हणायच्या, लोक. लोकं नव्हे. ज्याला एक साधं अनेकवचन धड येत नाही, त्याच्या सांगण्यावरून कोण खिडकी बंद करणार? डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'आवाज आहेत, त्रास कमी.' का कमी, ते विचारायला त्यांना वेळ नव्हता.

तर अशा बाईंना पंचेचाळिसाव्या वर्षी केंद्राने हाती घेतलं. सरळ इस्पितळात न कोंबता माणसांना वस्तीतच, स्वतःच्या घरात राहू द्यायचं, गोळ्या-औषधं, काम, सोबत तिथेच पोचवायची, अशी ती योजना. केंद्राने दोन खोल्यांचं एक भाड्याचं घर दिलं. त्यात बाई आणि एक शिवणकाम करणारी बाई. दादाने परवानगीच्या कागदावर इतक्या झटपट सही केली की पेनाची शाई वाळायच्या आत बाईंची बॅग दारात आली.

घर बरं होतं. शिंपीणबाईही बऱ्या होत्या, कारण त्या दिवसाला दहा-बारा शब्दांच्या वर बोलत नसत. वैताग होता तो सकाळी दहा ते एक केंद्रात जाऊन बसायचा. तिथे मोठमोठी माणसं गोलात बसून मेणबत्त्या ओतायची. एक जण पूर्वी पूल बांधणारा अभियंता होता. त्याच्या हातात वात देऊन समन्वयक म्हणायची, "वा. जमलं की. सगळ्यांनी टाळ्या." दर पाच मिनिटांनी टाळ्या. बाईंनी तिचं नाव टाळीताई ठेवलं.

"आज आपण कसे आहोत?" टाळीताई विचारायची.

"आपण म्हणजे कोण?" बाई म्हणायच्या. "तुम्ही कशा आहात ते तुम्हाला ठाऊक. मी बरी आहे."

"ताईंना आज थोडा राग आलाय का?"

"रोज येतो. आज वेगळं काही नाही."

टाळीताई वहीत काहीतरी टिपून घ्यायची. काय टिपते ते बाईंनी एकदा उलट्या बाजूने वाचलं होतं. चार ओळींत सहा चुका.

आणि घरी यायचा तो कंडक्टर. सोमवार, गुरुवार. बावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेला, मधे तीनदा इस्पितळात राहून आलेला. जो यातून गेलाय तोच दुसऱ्याला समजेल, असं म्हणून केंद्राने त्याला घरोघरी जायच्या कामावर ठेवलं होतं. शर्टाचं एक बटण नेहमी चुकीच्या काजात. बोलण्याचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. "झोप, जेवण, गोळी," तो दारातूनच म्हणायचा. "तिन्ही झालं का?"

"झाली. तिन्ही झाली."

"मी पण डॉक्टरला तेच बोललो. बाईचं सगळं टायमात असतं."

"डॉक्टरांना. म्हणालो. बाईंचं. आणि वेळेवर."

"तेच ते," कंडक्टर म्हणायचा आणि शिंपीणबाईंनी दिलेला चहा पिऊन निघायचा. बाईंना टाळीताई सहन होत नव्हती, पण तिच्याबद्दल निदान विचार तरी करावा लागायचा. कंडक्टरबद्दल त्यांना तेवढंही करावंसं वाटत नव्हतं. आंधळ्याने पांगळ्याला रस्ता दाखवायचा, त्यातला हा प्रकार, असं त्यांचं मत.

दोन वर्षं अशी गेली. मग केंद्राच्या वार्षिक कार्यक्रमात एक पुस्तिका वाटली गेली. गुळगुळीत कागद, आठ पानं. तिसऱ्या पानावर बाईंचा फोटो, मेणबत्ती हातात. खाली खोट्या नावाने त्यांची कहाणी: 'रस्तोरस्ती भटकणारी, स्वतःचे नावही विसरलेली ही अबला आज आत्मविश्वासाने मेणबत्ती बनवते आणि हसते.'

बाई आयुष्यात रस्त्यावर भटकल्या नव्हत्या. नाव त्या कधी विसरल्या नव्हत्या. मेणबत्ती शिंपीणबाईंनी ओतलेली होती. आणि त्या हसत नसत, याला केंद्रातला प्रत्येक माणूस साक्षीदार होता. देणगीदार पुस्तिका चाळत होते, मधेच मान वर करून बाईंना शोधत होते आणि सापडल्यावर ओलसर डोळ्यांनी मान हलवत होते. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं बाईंना.

बाई एक पुस्तिका घेऊन घरी आल्या, लाल पेन काढलं आणि छापखान्यात करायच्या तसं काम केलं. 'सहानभुती', 'आर्शिवाद', 'मानसोपचारतज्ञ'. समासात खुणा, रेघा, सुटलेलं अक्षर कुठे घालायचं त्याची चिन्हं. एक्केचाळीस चुका. तिसऱ्या पानावर आडवी रेघ मारून त्यांनी शेजारी लिहिलं, 'हा मजकूर खोटा आहे. गाळावा.' पंधरा वर्षांत इतकं स्वच्छ काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती टाळीताईच्या हातात दिली.

टाळीताईने पानं उलटली. तिचा चेहरा खुलला. "ताई, किती मन लावून रंगवलंत."

दुपारपर्यंत ती पानं भिंतीवरच्या फळ्यावर लागली होती, एका बाजूला कुणीतरी काढलेला मोर आणि दुसऱ्या बाजूला हाताच्या पंजाचा ठसा. खाली चिठ्ठी: 'आमच्या ताईंची कला.'

बाई चिठ्ठी वाचून घरी आल्या. तुच्छ मानायलाही समोर कुणीतरी लागतं, ज्याला आपण काय आहोत ते निदान कळू शकेल. इथे कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात आवाज बदलला.

बाई भांडी विसळत होत्या. आवाज शांत होता, थोडा घोगरा. म्हणाला, "तुझं काम ओळखणारं इथे कुणीही उरलेलं नाही." बाईंनी ते वाक्य सवयीने मनात पुन्हा वाचलं. चूक नव्हती. तिसऱ्यांदा वाचलं. एक मात्रा इकडची तिकडे नव्हती. त्यांनी नळ बंद केला आणि विचारलं, "नाना?"

त्यानंतर नाना रोज बोलू लागले. पंधरा वर्षांनी त्यांना कुणीतरी शुद्ध बोलणारं भेटलं होतं. नाना म्हणाले, गोळीने नजर बोथट होते आणि बोथट नजरेला चूक दिसत नाही. बाईंनी गोळ्या मोरीत टाकायला सुरुवात केली. नाना म्हणाले, झोपेत पानं निसटतात. बाई जागू लागल्या. शिंपीणबाईंना त्यांनी काही कळू दिलं नाही. केंद्रात त्या मुकाट्याने मेणबत्त्या ओतू लागल्या. टाळीताईने वहीत लिहिलं, 'खूप सुधारणा. आता चिडत नाहीत.'

गुरुवारी कंडक्टर आला. नेहमीसारखा दारातून ओरडला. बाई म्हणाल्या, "झाली." तो खुर्चीत बसला, चहा अर्धा प्यायला आणि कप खाली ठेवला.

"मी काल टाळीताईला बोललो, ती लोकं आली तर माझी मदत करा," तो म्हणाला.

बाई खिडकीकडे बघत होत्या.

"ऐकलंत का?"

"हो."

"एका वाक्यात तीन चुका घातल्या मी. मुद्दाम. मागच्या सोमवारीपण घातल्या होत्या." त्याने खुर्ची जरा पुढे ओढली. पहिल्यांदाच तो हळू बोलत होता. "दोन वर्षांत तुम्ही माझी एक सोडली नाही. कोण बोलतंय तुमच्याशी?"

बाईंनी खिडकीवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"तुमचा तो जुना, कच्चा नाही ना, तुम्ही एकदा सांगितला होतात तो? त्याला तुम्ही भीक घालत नाही. नवा आलाय कुणी?"

"ते नाना आहेत," बाई म्हणाल्या. "आणि ते तुमच्यासारखं बोलत नाहीत."

कंडक्टरने मान हलवली. "माझ्याकडे इन्स्पेक्टर यायचा. तिकीट तपासायला. टोपीबिपी घालून. एकूण एक नियम पाठ त्याला, एक चुकायचा नाही. म्हणून मी त्याचं ऐकायचो. एक दिवस बोलला, तुझा हिशोब चुकला, खाली उतर. मी उतरलो. गाडी चालूच होती." त्याने पँट वर करून गुडघा दाखवला. गुडघ्याच्या जागी शिवणीचा गोळा होता. "नियमाने बोलतो म्हणून काय तो इन्स्पेक्टर होत नाही, बाई."

बाईंना तो गुडघा बघून किळस आली. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "नाना म्हणतात, तुम्हाला घालवून द्यावं."

तो गेला, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसला आणि तिथून त्याने फोन लावला.

तासाभरात टाळीताई आली ती दाखल करण्याचा कागद भरूनच. दादाला फोन लावला होता. स्पीकरवर त्याचा आवाज घरभर घुमला: "ठेवा आत. मी सही करतो. मला माहीतच होतं हे असं होणार." त्याच्या आवाजात काळजी होती असं म्हणायला जागा नाही. आपला अंदाज बरोबर ठरल्याचं समाधान तेवढं होतं.

मागून डॉक्टर आले, दमलेले, एका हातात बॅग आणि दुसऱ्यात अर्धवट खाल्लेला पाव. त्यांनी बाईंना दहा-बारा प्रश्न विचारले. कुणाला मारावंसं वाटतं का? नाही. स्वतःला? बाई म्हणाल्या, "अजून नाही."

"आत टाकायचं कशाला, साहेब?" कंडक्टर मधेच म्हणाला. "मी येतो ना रोज. सकाळ-संध्याकाळ. गोळी माझ्यासमोर."

"आणि बाकीचा वेळ?"

तेव्हा शिंपीणबाईंनी मशीनवरून पाय काढला. "मी आहे की," त्या म्हणाल्या. "मला समजूतबिमजूत घालता येत नाही. पण मी त्यांना एकटं सोडणार नाही."

डॉक्टरांनी पाव संपवला आणि दाखल करण्याचा कागद घडी करून खिशात घातला. "तीन आठवडे बघू. 'अजून'चं 'आता' झालं असं वाटलं तर लगेच फोन. मग मी ऐकणार नाही."

ते तीन आठवडे बाईंना तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. जड झालेली जीभ. थरथरणारा चमचा. शिंपीणबाईंचं मशीन त्यांच्या खाटेशेजारी आणून ठेवलेलं, दिवसभर खडखडणारं. कंडक्टर समोर बसून गोळी गिळल्याची खात्री करायचा, तोंड उघडायला लावायचा. ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट होती, आणि तो ती तिकीट तपासावं इतक्या कोरडेपणाने करायचा. धीर देत नव्हता. टाळ्या तर नाहीच.

नाना बोलतच होते, पण हळूहळू विरळ. सोळाव्या की सतराव्या दिवशी ते म्हणाले, "माझी मदत कर."

बाई खाटेवर उठून बसल्या. माझी मदत कर. मला मदत कर असं हवं. खरे नाना मेले तरी असं म्हणाले नसते. मेलेच होते ते, पंधरा वर्षांपूर्वी, आणि त्यांच्या खुर्चीत हा कुणीतरी भामटा येऊन बसला होता. बाईंना इतका संताप आला की त्या ओक्साबोक्शी रडल्या. शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं नाही, फक्त हात लांब करून टॉवेल पुढे केला.

उठून हिंडू-फिरू लागल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते केंद्राच्या संचालकांना भेटण्याचं. त्यांनी कहाणीबद्दल विचारलं. संचालक म्हणाले, गैरसमज झाला. लोकांच्या मनाला भिडावं म्हणून थोडं रंगवावं लागतं.

"माझी परवानगी विचारली होती का?"

"तुमच्या भावांची घेतली होती."

"मग भावाचा फोटो छापायचा. त्याच्या हातात मेणबत्ती द्यायची," बाई म्हणाल्या. "ज्यांना ज्यांना ही पुस्तिका गेलीय, त्या सगळ्यांना मी पत्र लिहीन. माझं पत्र बिनचूक असेल, त्यामुळे ते वेड्या बाईचं आहे असं तुम्हाला सांगता येणार नाही."

उरलेल्या पुस्तिका आठवड्यात परत घेतल्या गेल्या. संचालकांनी मग मोठ्या मनाने सुचवलं की पुढची पुस्तिका बाईंनीच तपासून द्यावी, सेवा म्हणून.

"सेवा तुम्ही करता," बाई म्हणाल्या. "मी काम करते."

तेव्हापासून केंद्राचा सगळा छापील मजकूर त्यांच्याकडे येतो आणि त्याचा मोबदलाही येतो. परीक्षेची मार्गदर्शकं छापणाऱ्या एका प्रकाशकाचं कामही आता आहे. मेणबत्त्यांकडे त्या फिरकत नाहीत. कंडक्टरचे अहवालही त्याच दुरुस्त करतात, अगदी स्वतःबद्दलचेसुद्धा. एकदा त्याने लिहिलं होतं, 'पेशंट चिडचिडी आहे.' बाईंनी ते खोडून 'चिडखोर' केलं. "चिडचिड चार दिवसांची असते," त्या म्हणाल्या. "हा स्वभाव आहे." त्याचे आभार त्यांनी मानले नाहीत, आणि त्यालाही त्याचं काही वाटलेलं दिसत नाही. त्याच्या बोलण्यातली एकही चूक कमी झालेली नाही.

गेल्या महिन्यात दादा आला. वर्षभराने. खुर्चीच्या कडेवर बसला, घर बघून घेतलं, शिंपीणबाई आत जाईपर्यंत थांबला.

"वहिनी पडली," तो म्हणाला. "खुब्याचं हाड मोडलं. मी दिवसभर बाहेर. घरात माणूस नाही." मग आवाज मऊ करून, "तू आता बरी आहेस, असं सगळे सांगतात. तुझी खोली आहे तशीच आहे. घरी चल."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. इस्पितळातल्या आठ महिन्यांत 'घरी चल' हे दोन शब्द त्यांनी किती वेळा मनात रचले होते. ऐकायला आले तेव्हा ते असे आले.

"त्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवलीस का?" त्यांनी विचारलं.

"आतून?" दादा गोंधळला. "आतून कशाला?"

"बाहेरून आहे. आतून नव्हती. तुझ्या लक्षात नसेल, तू बाहेर असायचास."

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "तेव्हा आम्हाला काही कळत नव्हतं."

"आता तरी कुठे कळतंय? आता माणूस हवाय, एवढंच." बाईंचा आवाज चढला नव्हता. "मी येणार नाही, दादा. एक बाई ठेव. पगार वेळेवर दे. ती जेवेल त्याच ताटात तुम्हीही जेवा. आणि वहिनीला सांग, त्या बाईबद्दल तिच्यासमोर हळू बोलू नको म्हणावं. ऐकू येतं."

तो उठला. जिना उतरताना त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला होता आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होता. तोही म्हातारा झाला होता. बाईंनी ते दारात उभं राहून शेवटच्या पायरीपर्यंत पाहिलं. हाक मारली नाही.

"कोण होतं?" शिंपीणबाईंनी आतून विचारलं.

"भाऊ," बाई म्हणाल्या, आणि दार लावून त्या टेबलाशी जाऊन बसल्या. प्रकाशकाला दुपारपर्यंत अजून बारा पानं द्यायची होती.